यंदा घर शाकारायचं नाही

“किती समाधानी आहात हो तुम्ही!” असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या आमच्या वळणावर थांबतात. रस्ता विचारायच्या निमित्तानं माणसं खाली उतरतात आणि न विचारता अंगणात येऊन उभी राहतात. अडीच खोल्यांचं चिऱ्याचं घर, पुढे पडवी, वर कौलं, पडवीत वर्तमानपत्र वाचत बसलेले म्हातारबुवा. झालं, मोबाईल बाहेर निघतात. परवा एक बाई मला म्हणाली, “मावशी, तुम्हाला नुसतं बघूनसुद्धा शांत वाटतं.” मी त्या वेळी आमसुलांसाठी रातांबे फोडत बसले होते. हात कोपरापर्यंत लाल झाले होते, कंबर धरली होती, आणि आदल्याच दिवशी कानावर आलेल्या बातमीनं अंगाची लाही लाही होत होती. शांत म्हणे! तिला पाटावर बसवावं, समोर एक टोपली ठेवावी आणि म्हणावं, फोड एवढे, मग सांग किती शांत वाटतं ते. पण मी हसले. वर तिला पुडीत बांधून आमसुलंही दिली. त्याचाही मला नंतर राग आला.

बातमी अशी, की यंदा आमचं घर शाकारायचं नाही.

कोकणाबाहेरच्या माणसाला यात रागावण्यासारखं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. कौलारू घर दरवर्षी पावसाआधी उकलावं लागतं. वैशाखात कौलं खाली घ्यायची, खराट्यानं झाडायची, फुटकी वेगळी काढायची, वासे ठोकून बघायचे, वाळवी लागलेली रीप बदलायची आणि परत एकेक कौल वर चढवायचं. ही शाकारणी. एक वर्ष टाळलं तर घर गळतं. दुसऱ्या वर्षी वासे कुजतात. पुढच्या एखाद्या पावसात भिंत बसते, आणि मग चतुर्थीला आलेले लोक तिथं उभे राहून म्हणतात, अरेरे, इथं घर होतं नाही का! आमच्या वाडीत अशी तीन अरेरे आहेत.

आमचं घर तसं पडणार नाही. शाकारणी नाही, कारण कौलंच राहणार नाहीत. पत्रा येणार. वीटकरी रंगाचा, लांबून कौलासारखा दिसेल असा. माझ्या मुलानं, उदयनं, तो घेतला आहे. उदय जयगडच्या बंदरात नोकरीला आहे, बायको आणि मुलीसह रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहतो. आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, त्याला होकार दिला. मला न विचारता.

खरी आग लागली ती या शेवटच्या गोष्टीनं. कारण आमच्या घरात न सांगता काही होत नाही. होऊच शकत नाही. पडवी, माजघर, आणि स्वैपाकघर म्हणायची ती अर्धी खोली. मधल्या भिंती वर छपरापर्यंत गेलेल्याच नाहीत, त्यामुळे पडवीत ह्यांनी पान उलटलं तरी चुलीपाशी ऐकू येतं. उदय लहानपणी माजघरात पाढे म्हणायचा आणि अडला की मी भाकरी थापता थापता ओरडायची, “तेरा सक अठ्ठ्याहत्तर!” सुजाताला, माझ्या लेकीला, अलोऱ्याचं स्थळ पसंत आहे हे तिनं सांगायच्या आधीच आम्हाला कळलं, कारण झोप न लागून ती कूस बदलत होती आणि तिच्या बांगड्या वाजत होत्या. आम्ही भांडणंही कधी हळू आवाजात केली नाहीत. करून उपयोग नव्हता. लहान घराचं म्हणून जे काही सुख आहे ते मी यालाच म्हणते. कुणाच्या मनात काय आहे ते चहा उकळेपर्यंत सगळ्यांना कळतं. मोठ्या घरात माणसं दारं लावून घेतात आणि एकाच छपराखालून फोनवर विचारतात, जेवायला येतोस का.

मग अशा घरात हा होकार ह्यांनी दिला कसा? तर सड्यावर जाऊन. आमच्या खालच्या वाडीत फोनला रेंज मिळत नाही, त्यासाठी आंब्याच्या बागेतून वर कातळावर जावं लागतं. हे रोज संध्याकाळी फिरायला म्हणून जात होते, आणि तिथं वाऱ्यावर उभं राहून बापलेकांचं ठरत होतं. जिना चढताना गुडघे धरणारा माणूस, गुपित ठेवायचं तर अर्धा डोंगर चढला.

“अहो, मला सांगायचं तरी,” मी म्हटलं.

“सांगणारच होतो.”

“कधी? पत्रे चढल्यावर?”

“तू चिडतेस गो.”

“मग आता काय मी फुगडी घालतेय?”

यावर हे वर्तमानपत्र उचलतात आणि वाचलेलंच पान पुन्हा वाचायला घेतात. जन्मभर गावच्या हायस्कुलात कारकुनी केली. हेडमास्तर बदलले, शिपाई बदलले, ह्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. गाव ह्यांना समाधानी माणूस म्हणतं. मिळालं ते चांगलं, गेलं तेही चांगलं, असा हा कारभार. मला नाही बाई जमत. जे मिळालं ते खरोखर चांगलं होतं, म्हणून तर ते जाताना मला राग येतो.

चांगलं म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही, नुसते फोटो काढतात. सकाळी गाद्यांच्या वळकट्या माळ्यावर गेल्या की माजघर मोकळं. तिथंच मुलांचा अभ्यास, तिथंच पंगत, तिथंच संध्याकाळी मिरच्या निवडणं. एका खुंटीला ह्यांचा सदरा, एका खुंटीला उदयचं दप्तर, एका खुंटीला माझी पिशवी; चौथी खुंटी सुजातानं रडून मिळवली. माझ्या नणंदेची सून मला समजावून सांगत होती, मामी, घरात वस्तू कमी ठेवाव्यात, त्याचं आता परदेशात शास्त्र निघालंय. आमच्याकडे वस्तू कमीच होत्या. शास्त्र तेवढं नव्हतं. पण पावसाआधीची बेगमी बघायला तिनं यावं एकदा. कोकमाच्या आगळाच्या बरण्या, मिठातल्या कैऱ्या, फणसाची साटं, आठळ्या, कुळीथ, नाचणीचे आणि पोह्यांचे पापड, सुकी मासळी वेगळी टांगलेली, उकड्या तांदळाच्या गोणी. या अडीच खोल्यांत चार माणसं आणि चार महिने कसे मावायचे ते माझं मला माहीत. त्याला कुणी शास्त्र म्हणालं नाही.

आणि शाकारणीच्या दिवशी हे सगळं उचलून पडवीत. हे वर छपरावर, सदू मधे शिडीवर, मी खाली, आणि माझ्यापासून अंगणाच्या कडेपर्यंत मुलं. सदू म्हणजे वाडीतलाच, ह्यांच्याबरोबर लहानपणी विटीदांडू खेळलेला. कौल हातोहात खाली यायचं. बोटानं वाजवून बघायचं. चांगलं असेल तर खणखणतं, तडा गेला असेल तर बद्द वाजतं. बद्द वाजलं की मुलं ओरडायची, “नापास!” फणसाखाली तीन चिरे मांडून चूल केलेली असायची. कुळथाचं पिठलं, भात, भाजलेला पापड. धुळीनं काळी झालेली आमची तोंडं, फक्त दात पांढरे.

माजघर एरवी बारा महिने अंधारात. भरदुपारी दिवा लावावा लागतो. त्या दिवशी मात्र वरून ऊन थेट जमिनीवर यायचं. देव्हाऱ्यातली समई झळाळायची. पिंपामागे वर्षभर हरवलेली उलथनी सापडायची. कौलांखालून काय काय निघायचं! खारीनं लपवलेल्या काजूबिया, चिमणीचं घरटं, उदयचा चेंडू, कुणाचा तरी कंगवा. मी माजघराच्या मधोमध उभी राहून वर बघायची. वाशांच्या चौकटीतून आभाळ दिसायचं आणि मधे ह्यांचे दोन पाय. सासरी आले त्या वर्षी मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसूच फुटलं. सासूबाई म्हणाल्या, “हसतेस काय, झाड ती कौलं.” झाडली. तेव्हापासून दरवर्षी झाडली.

एका वर्षी आम्हाला वळवानं गाठलं. उदय तेव्हा पहिलीत जायचा होता. माजघर आणि स्वैपाकघर पुरतं उघडं झालं होतं, पडवीवरची कौलं तेवढी शिल्लक होती. जेवणं आटोपली आणि सड्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. बघता बघता वारा सुटला. बागेत राहिलेले चुकार आंबे पटापट पडायला लागले. सदू आपलं गवत झाकायला घरी पळाला. ह्यांनी वर बसून ताडपत्री पसरायला घेतली, ती वाऱ्यानं हातातून हिसकावली आणि सरळ शेजारच्या पोफळीत नेऊन टाकली. आणि मग तो कोसळला.

पाऊस माजघरात पडत होता. पाटांवर, देव्हाऱ्यावर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. चुलीतली राख उडून खाली बसली. मी देव पदरात घेतले, मुलांना पडवीत ढकललं. हे भिजून चिंब होऊन खाली उतरले. पडवीत सगळी बेगमी रचलेली, पाय ठेवायला जागा नाही. शेवटी आम्ही चौघं तांदळाच्या गोणींवर पाय पोटाशी घेऊन बसलो. सकाळीच पोह्यांच्या पापडाचं पीठ कुटून ठेवलं होतं. ते आता लाटून वाळवायचं कुठं? मी तेलाचं बोट लावून लाट्या केल्या आणि एकेकाच्या हातात दिल्या. तिखटजाळ, हिंगाचा वास, बाहेर पाऊस आणि आतही पाऊस. मला हसू यायला लागलं ते थांबेचना. हे हसले, सुजाता हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसत होते. मला त्या दुपारी आणखी काहीही नको होतं. समाधान हा शब्द मला जन्मात एकदाच वापरायला दिला तर तो मी त्या दुपारवर खर्च करीन.

ही गोष्ट ह्यांच्या बहिणीनं, आमच्या ठाण्याच्या वन्संनी, ऐकली आणि तिची पार वाट लावली. कुठलंही लग्नकार्य असो, चार बायका जमल्या की वन्सं सुरू. “अहो, बिचाऱ्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नव्हतं! पोरं पावसात भिजताहेत, आणि ही आमची वहिनी हसतेय. याला म्हणतात समाधान.” मग डोळ्यांना रुमाल. त्या बायका माझ्याकडे अशा बघतात, जसं काही मी आताच पुरातून वाहून आलेय. एकदा मी सरळ म्हटलं, “वन्सं, छप्पर होतं. अंगणात रचून ठेवलेलं होतं.” कुणी ऐकलं नाही. गरिबांनी समाधानी असावं म्हणजे बघणाऱ्याला बरं पडतं. आम्ही गरीबही नव्हतो. ह्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला होत होता. आम्ही फक्त घर साफ करत होतो.

पत्र्याविरुद्ध माझं म्हणणं काय, ते मी ह्यांना तीनदा सांगितलं, सदूला दोनदा. शेजारच्या सुलभाकडे पत्रा घातला त्या श्रावणात सत्यनारायण होता. बाहेर आमच्या रत्नागिरीचा पाऊस, म्हणजे बादलीनं ओतल्यासारखा, आणि वर पत्रा. भटजी पोथी वाचत होते असं वाटतं, कारण त्यांचे ओठ हलत होते. साधुवाण्याचं काय झालं ते कुणाला कळलं नाही. एकानं नमस्कार केला की आम्ही सगळे करत होतो. सुलभा प्रसाद देताना काहीतरी म्हणाली, मी मान डोलावली. नंतर कळलं की ती मला जेवायला थांबायला सांगत होती आणि मी घरी निघून आले. तेव्हापासून पावसात मी तिच्याकडे जात नाही. आता माझ्याच घरात चार महिने हे होणार. पडवीतल्या माणसाला चहा हवा की नको ते विचारायला मला उठून जावं लागणार. ज्या घरात सगळ्यांचं सगळं ऐकू यायचं, त्या घराचे कान फोडायला निघालेत हे बापलेक.

सदूनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वैनी, मी काय सांगतो ता ऐका. कौलां आता गावतायत कुठं? आनि ही वांदरां बगा. एक उडी मारली की धा कौलां गेली. वर्षातून एकदा नाय, म्हयन्याला शाकारायला होवं. वर चडनार कोन? दादा सत्तरीचे, मी काय जवान हाय? पोरां सगली कंपनीत.”

“म्हणून तूच आता वाडीभर पत्रे ठोकतोस होय रे?”

“मग काय करू? मानसां बोलावतात, मी जातो.”

यातलं काहीच खोटं नव्हतं, त्यामुळे मला आणखी चीड आली. वांदरांची आली. आंब्यांवर येतात ते येतात, छपरावर कुस्त्या कशाला खेळायला हव्यात? कौलांचे कारखाने बंद करणाऱ्यांची आली. आणि गेल्या वर्षीच्या शिडीची आली. गेल्या वर्षी हे तिच्यावरून घसरले होते. दोनच पायऱ्या, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. उदयला ते सांगितलं मीच, सड्यावर जाऊन, हसत हसत, फोनवर. या घरात लपवाछपवी नसते म्हणून सांगितलं. तिथूनच त्याच्या डोक्यात पत्रा शिरला असं मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी टेम्पो आला. अंगणात आमसुलं वाळत होती, नेमके तिथंच पत्रे उतरवायचे होते. मला चटया गोळा कराव्या लागल्या. मागोमाग उदय मोटारसायकलवरून आला, हेल्मेट काढलं, आणि एकेक पत्रा उतरताना मोजत उभा राहिला. माझ्याकडे बघायचं टाळत होता. मग आलाच.

“आई, चिडलीस?”

“छे रे. उन्हानं लाल झालेय.”

“बाबांना आता वर चढू द्यायचं नाही. दुसरं काही नाही त्यात.”

“मग माणसं लाव.”

“माणसं मिळत नाहीत. सदूकाकांना विचार.”

“सदूला विचारून झालंय. मला सगळे सगळं सांगून चुकलेत, फक्त विचारलं नाही कुणी.” मी चटई आपटली. दोन-चार आमसुलं उडाली. “हे घर उकलायचं म्हणजे तुम्हाला कटकट वाटते. अरे, याच घरात आपण चौघं गोणीवर बसून लाट्या खात होतो. माजघरात पाऊस पडत होता. आठवतं ना? हसून हसून बेजार झालो होतो. तसा एक दिवस तरी तुझ्या लेकीला मिळणार आहे का त्या फ्लॅटमध्ये?”

हे मी बोलायला नको होतं की काय, माहीत नाही. राग आला की माझी जीभ पुढे आणि मी मागे. उदय पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “आठवतं. तसा दिवस तिला मिळू नये, असंच वाटतं मला.”

“म्हणजे?”

“बाबा वर होते ना तेव्हा. ताडपत्री उडाली आणि ते नुसते भिंतीवर बसले होते, धरायला काही नव्हतं. तेवढ्यात सड्यावर वीज पडली. मला वाटलं बाबा गेले. मग ते खाली आले, पण मला वाटत होतं घर मोडलं आता, आपल्याला घर नाही. आणि तुम्ही सगळे हसत होतात. तू दिलेली लाटी मी गालात धरून ठेवली होती. गिळताच येईना.”

अंगणात सदू होता, टेम्पोवाला होता, हे पडवीत होते. सगळ्यांनी ऐकलं.

“त्याच्यानंतर दरवर्षी शाकारणी आली की माझं पोट दुखायचं,” तो म्हणाला.

“ते फणसानं. किती खायचास.”

“मी फणस खातच नव्हतो, आई. तू म्हणायचीस फणसानं दुखतंय. मी हो म्हणायचो.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“तू किती खूश असायचीस त्या दिवशी.”

माझ्या हातात चटई होती. ती मी उगाच गुंडाळली, परत उलगडली. बत्तीस वर्षांचा हा बाप्या, मुलीचा बाप, माझ्यासमोर उभा राहून सांगतोय की याला भीती वाटत होती. आणि ही बातमी मला आज कळतेय, पत्र्याच्या ढिगापाशी! मला राग आला. त्याचा आला, एवढं मनात धरून ठेवलं म्हणून. ह्यांचा आला, हे भिंतीवर बसले कशाला होते म्हणून. फणसाचा आला, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. आणि सगळ्यांत जास्त त्या माझ्या हसण्याचा आला. कूस बदललेली ऐकू येते म्हणून मी मिरवायची. पोरगं वर्षानुवर्षं दोन हातांवर गप्प बसून होतं, ते मला ऐकू आलं नाही.

ती दुपार मी टाकून देणार नाही, हेही सांगते. ती मला मिळाली होती, हिंगाच्या वासासकट मिळाली होती. कुणी म्हणेल ती खोटी होती, तर त्याच्याशी मी भांडेन. पण ती चौघांची नव्हती. एवढी वर्षं मी ती चौघांची म्हणून सांगत आले. वन्संनी तिची वाट लावली म्हणून त्यांच्यावर मी इतकी वर्षं दात धरला. पोरं भिजताहेत, असं म्हणताना त्यांनी निदान पोराकडे बघितलं तरी होतं.

“वैनी,” सदू शिडी खांद्यावर घेऊन उभा होता, “काय करू? लावू की जाऊ घरी?”

“लाव,” मी म्हटलं. “स्वैपाकघरावरची कौलं राहू देत, तिथं धूर जायला वाट लागते. बाकीची उतरव.”

“स्वैपाकघर बुटकं आहे, तेवढं मी दरवर्षी माणूस आणून करून देईन,” उदय म्हणाला. मी चटया उचलून फणसाखाली नेल्या आणि आमसुलं पुन्हा पसरायला बसले. एकेक चिमटीत धरून आपटत होते. रागानंच.

आमच्याकडे पहिलं कौल घरच्या माणसानं काढायचा रिवाज आहे. देवापुढे नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि मग कर्त्यानं वर जाऊन एक कौल हातात घ्यायचं. आमचं इकडे चाललेलं असताना ह्यांनी आत जाऊन नारळ ठेवला होता. सदरा खुंटीला अडकवला होता. बनियन आणि अर्धी विजार घालून, कुणाला काही न सांगता, ते शिडीपाशी आले. सदूनं शिडी धरली. त्यालाही ते बरोबरच वाटत असणार. हे एक पायरी चढले. दुसरी चढले. गुडघ्यावर हात ठेवून थांबले, वर बघितलं, तिसरी चढले.

मी चढू दिलं असतं. शेवटचंच होतं. ह्यांच्या बापानं, आज्यानं जिथं हात घातला तिथं ह्यांनाही एकदा हात घालायचा होता, आणि पाठमोरे ते मला नवं लग्न झालं तेव्हासारखे दिसत होते. पण माझी नजर टेम्पोकडे गेली. टेम्पोच्या आड उदय उभा होता, छपराकडे पाठ करून. जहाजांवर माल चढवणाऱ्या माणसांवर दिवसभर ओरडणारा माझा मुलगा. दोन्ही मुठी पोटात घट्ट दाबून धरल्या होत्या त्यानं.

“अहो, उतरा खाली!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सदूचा हात हलला. “उतरा आधी! पोराच्या पोटात दुखतंय.”